आफ्रिकन सिक्लिडसाठी चार फुटी टाकी: विहिरीचे पाणी, दगडांची रचना आणि आपला उन्हाळा

वणी तालुक्यातील खेड्यात विहिरीच्या पाण्यावर आफ्रिकन सिक्लिड, म्हणजे आफ्रिकेतील सरोवरांतले रंगीत शोभेचे मासे, जगतील का, आणि त्यांच्यासाठी चार फुटी टाकी कशी मांडावी व सजवावी, असे तुम्ही विचारले आहे. मी वर्धा नदीच्या पलीकडे, वरोरा तालुक्यात राहतो आणि गेली नऊ वर्षे हेच मासे याच प्रकारच्या पाण्यावर सांभाळतो आहे. ते उत्तम जगतात. ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते पाणी बहुतेक शोभेच्या माशांना मानवत नाही. आफ्रिकेतील मलावी सरोवरातून आलेल्या या माशांना मात्र ते घरचेच वाटते, कारण त्या सरोवराच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ७.८ ते ८.६ असतो.

तरीही केवळ टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो मीटर पाण्यात क्षार किती आहेत एवढेच सांगतो, ते कोणते आहेत हे सांगत नाही. अकोला-अमरावतीकडील खारपाणपट्ट्यात आकडा मोठा दिसतो, पण तिथे सोडियमचे प्रमाण जास्त असते; या माशांना हवे असतात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट. म्हणून थेंबांनी तपासण्याचे किट एकदा विकत घ्या आणि सामू व कठीणपणा वेगवेगळा मोजा. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकते, त्या दिवसांत पाणी भरून एक दिवस हवेचा पंप लावून ठेवल्याशिवाय टाकीत घालू नये.

आता सजावट. मलावीतील खडकाळ किनाऱ्यावर राहणाऱ्या माशांना तिथले लोक ‘एम्बुना’, म्हणजे खडकातले मासे, म्हणतात. त्यांच्या दृष्टीने दगड ही शोभेची वस्तू नसून घर, हद्द आणि लपण्याची जागा आहे, त्यामुळे मध्यभागी एक सुंदर दगड ठेवून भोवती मोकळी जागा सोडण्याची पद्धत इथे चालत नाही. एका दादागिरी करणाऱ्या नराला दुसऱ्या टोकाचा मासा दिसूच नये, अशा रीतीने दोन-तीन वेगळे ढिगारे मागच्या काचेपासून थोडे अंतर सोडून रचावेत आणि प्रत्येक कपारीला आत जाण्याची व बाहेर पडण्याची अशा दोन वाटा ठेवाव्यात, म्हणजे कोणी कोपऱ्यात अडकत नाही. वणी, कोरपना, राजुरा या पट्ट्यात चुनखडक सहज मिळतो आणि तो या टाकीसाठी योग्य आहे. पाणी आम्लतेकडे झुकू लागले की तो हळूहळू विरघळून त्याला सावरतो. ओळखण्यासाठी दगडावर लिंबाचा रस पिळावा, बुडबुडे आले तर तो चुनखडक. काळा पाषाणही चालतो, पण तो पाण्यात काही सोडत नाही.

एक गोष्ट मी कळकळीने सांगतो: कपाशीच्या बांधावरचे दगड किंवा शेतातल्या मातीतील चुनखडीचे पांढरे खडे आणू नका, आणि फवारणीची बादली टाकीच्या कामाला कधीही वापरू नका. कीटकनाशकाचा अगदी अल्प अंशही मासे मारतो. घरालगतच्या शेतात फवारणी चालू असेल तेव्हा खिडक्या बंद ठेवाव्यात, कारण हवेचा पंप बाहेरची हवा थेट पाण्यात ढकलतो.

दगड वाळूवर ठेवू नका. हे मासे सतत खोदतात आणि खालची वाळू उपसली गेली की ढिगारा काचेवर कोसळतो. आधी तळाच्या काचेवर थर्माकोलचा पातळ तुकडा, त्यावर सर्वांत मोठे दगड, आणि शेवटी भोवती स्वच्छ धुतलेली नदीची बारीक वाळू, असा क्रम ठेवावा. वनस्पती ते बहुधा कुरतडतात. हवीच असेल तर अनुबियास दगडाला बांधावी. चार बाय दीड बाय दीड फुटांच्या टाकीत सुमारे २५५ लिटर पाणी मावते, म्हणजे दगड आणि काच धरून वजन तीनशे किलोंच्या वर जाते, तेव्हा लोखंडी स्टँड सारवलेल्या जमिनीवर न ठेवता समतल फरशीवर ठेवावे.

फिल्टर चालू करून अमोनिया व नायट्राइट (घाणीतून तयार होणारी विषारी द्रव्ये, जी फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू संपवतात) शून्यावर येईपर्यंत, साधारण चार ते सहा आठवडे, मासे आणू नयेत; सामू जास्त असलेल्या पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो. सुरुवात येलो लॅब या पिवळ्या एम्बुनाने करावी. ऑराटस हा दुसरा एम्बुना दिसायला देखणा असला तरी फार भांडतो. नर एक आणि माद्या तीन असे प्रमाण ठेवावे. खाद्यात स्पायरुलिना (एक प्रकारचे शेवाळ) मुख्य असावी, मांसल खाद्याने पोट फुगण्याचा रोग होतो.

आपल्याकडची खरी परीक्षा मे महिन्यात होते. बाहेर ४६ अंश असताना टिनाच्या छपराखालील खोलीत टाकीचे पाणी ३२ च्या वर जाते, तर या माशांना २४ ते २८ अंश मानवतात, आणि पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. पाच वर्षांपूर्वी अशाच एका रात्री वीज चार तास गेली, मी झोपेत होतो, आणि सकाळी अकरा मासे वर तरंगताना दिसले. तेव्हापासून टाकी माजघरात आहे, झाकण उघडे ठेवून पाण्यावर छोटा पंखा लावलेला असतो, ज्याने दोन-तीन अंश उतरतात, आणि चार्जिंगवरचा हवेचा पंप कायम जोडलेला असतो. बाष्पीभवनात क्षार मागेच राहतात, म्हणून आटलेल्या पाण्याची भर विहिरीच्या पाण्याने न टाकता साठवलेल्या पावसाच्या किंवा आरओच्या पाण्याने घालावी. विहिरीचे पाणी आठवड्याच्या पाव हिस्सा बदलासाठी. डिसेंबर-जानेवारीत हीटर लागतोच.

मादी अंडी तोंडात धरते आणि तीनेक आठवड्यांनी पिल्ले सोडते, त्यामुळे वर्षभरात टाकी भरून जाईल. जास्तीची पिल्ले गावतळ्यात किंवा नदीत सोडू नका. तिलापिया हाही आफ्रिकन सिक्लिडच आहे. १९५२ साली भारतात आणलेला हा मासा अनेक तलावांत पसरला आणि देशी माशांना डोईजड झाला. नागपुरातील काही दुकानदार वाढलेली पिल्ले घेतात, त्यांच्याशी टाकी भरण्यापूर्वीच बोलून ठेवा.