केळीचा घड उतरवताना मान धरली. एक्स-रे पाहून 'पहिला मणका सरकलाय' म्हणतात. कायरोप्रॅक्टरकडून मान बसवून घ्यावी का? (रावेर)

नाही, तेवढ्या एका फोटोवरून मानेला झटका देऊन घेऊ नका. तोंड उघडून काढलेल्या एक्स-रेत दुसऱ्या मणक्याचा खुंटा, म्हणजे डेन्स, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पहिला मणका अ‍ॅटलास दिसतो. फोटो घेताना डोकं जरासं वळलं तरी एका बाजूची फट रुंद दिसते. 'सरकलाय' म्हणतात ते बरेचदा एवढंच असतं. वरच्या दातांची सावली खुंट्यावर आडवी पडली तर फ्रॅक्चरचासुद्धा भास होतो. त्यापेक्षा बाजूने काढलेला फोटो बघा: अ‍ॅटलासची पुढची कमान आणि खुंटा यांत मोठ्या माणसाला साधारण ३ मिमी, लहान मुलाला ५ मिमीपर्यंत अंतर चालतं. जास्त असेल तर खुंट्याला धरून ठेवणारं आडवं लिगामेंट सैल झाल्याची शंका; मग आधी सीटी किंवा एमआरआय. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी अ‍ॅटलासवरूनच वळसा घेते, झटक्याने ती क्वचित फाटते. (न्हाव्याकडची 'मालिश'ही यातच आली.) मात्र अंतर बरोबर असलं तरी लिगामेंट शाबूत आहे असं साध्या एक्स-रेवरून ठरत नाही. पडल्याचा मार, जुना आमवात, हातांना मुंग्या किंवा चालताना तोल जाणं, यातलं काही असेल तर थेट जळगावला हाडांच्या डॉक्टरांकडे जा.