आधी तारा, मग स्क्रू, पिकअप सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न असा: स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) धाटणीची स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारेची कंपनं टिपणारे, एकेका वेटोळ्याचे चुंबकी भाग), ९-४२ च्या तारा (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). ब्रिजजवळचा, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात त्या टोकाचा पिकअप कानाला टोचतो, वर घूंऽऽ असा हम. मग ब्रिजला हंबकर (दोन वेटोळ्यांचा, हम मारणारा पिकअप) बसवू की तारा जाड लावू? माझं मत: आत्ता पिकअप घेऊ नका.

तारा किती जुन्या आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. जाड तारांच्या खालच्या अंगाने नख फिरवा. फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) जिथे घासतात तिथे खाचा लागल्या तर तारा मेल्यात, त्यांच्यावर पिकअपची तुलना करण्यात अर्थ नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर त्या फारच लवकर जातात. निकेल प्लेटेड स्टीलचाच सेट घ्या. स्टेनलेस आणखी चमकदार वाजतं, ते तुम्हाला नकोच आहे. १०-४६ ने आवाज थोडा भरतो, पण ताण वाढून ट्रेमोलो ब्रिज (दांडीने हलणारा, स्प्रिंगवरचा ब्रिज) वर उचलला जातो. मागच्या स्प्रिंग कसणं, नेकचा बाक आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागतो का) तपासणं आलंच.

आता पिकअपची उंची बदलणारे स्क्रू. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून तिच्या खालून पिकअपच्या पोलपर्यंतचं (वर दिसणाऱ्या चुंबकाच्या टोकापर्यंतचं) अंतर मोजा. सिंगल कॉइलसाठी जाड बाजूला २ मिमी आणि बारीक बाजूला १.६ मिमीच्या आसपास ठेवून सुरुवात करा. तिथून ब्रिजचा पिकअप पाव-पाव फेरा खाली नेत ऐकत राहा. नेक पिकअपही तपासा, कारण तो फार वर असला की चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवर जाड ई तार लहरत, बेसूर वाजते. ट्यूनर कितीही लावा, ते जात नाही.

टोचण्याचं खरं कारण बहुतेक वेगळंच आहे. पारंपरिक स्ट्रॅट वायरिंगमध्ये दोन टोन नॉब असतात, एक नेकचा, एक मधल्याचा. ब्रिजला टोन नाहीच! प्लेट उघडून पिकअप निवडायच्या स्विचवरचा मधल्याचा टोन लग (वायर जोडायची पत्ती) ब्रिजच्या टोन लगला वायरच्या तुकड्याने जोडला की दुसरा नॉब ब्रिजलाही लागू होतो. सोल्डरिंग येणारा कुणीही करून देईल. ही एक वायर नव्या पिकअपपेक्षा जास्त फरक पाडेल, असं मी पैजेवर सांगतो.

हमसाठी गिटार हातात घेऊन जागेवर गोल फिरा. दिशेप्रमाणे तो कमीजास्त झाला तर कॉइल आसपासचा ५० हर्ट्झचा हम पकडतेय. चार्जर आणि पंख्याच्या रेग्युलेटरपासून लांब बसा. अजिबात बदलला नाही तर सॉकेटचं अर्थिंग बघा. मधला पिकअप उलट्या वाइंडिंगचा आणि उलट्या चुंबकाचा असेल तर स्विचच्या दुसऱ्या-चौथ्या जागी, जिथे दोन पिकअप एकत्र वाजतात, दोघांचा हम एकमेकांना खोडतो आणि जवळजवळ जातो. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये हंबकर केला तो याच युक्तीवर.

एवढं करूनही हंबकर हवाच असेल तर सिंगल कॉइलच्या खाचेत बसणारा रेल प्रकार घ्या, लाकूड कोरावं लागत नाही. स्ट्रॅटमध्ये सहसा २५० के चे (२५० किलोओहमचे) पॉट, म्हणजे नॉबखालचे रेझिस्टर असतात, त्यांवर हंबकर जरा मवाळ वाजतो. तुम्हाला ते सोयीचंच. फक्त जाहिरातीतले पिकअपचे किलोओहम (वेटोळ्याचा रेझिस्टन्स) बघून घेऊ नका. वायर बारीक वापरली की रेझिस्टन्स तसाही वाढतो, त्यावरून टोन कळत नाही.

अँप कोणता, आणि क्लीन (स्वच्छ आवाजात) वाजवता की गेनवर (फाटलेल्या, डिस्टॉर्शनच्या आवाजात)? क्लीन असेल तर हंबकरऐवजी मी अल्निको ५ (एक चुंबकी मिश्रधातू) चुंबकांचा सिंगल कॉइल सेट सुचवेन.