सपाटीला जड, घाटात बरी? आधी व्हॅक्यूमची डबी बघा

भाऊ, तुम्ही लिहिलंय की कार्बोरेटर दोनदा साफ करूनही ॲम्बॅसडर देवास रोडवर पन्नास-साठला जड चालते, ॲव्हरेज पडलंय, पण इंदूरजवळचा, सिमरोलपुढचा भेरूघाट बरी चढते. माझ्या १४८९ सीसीवाल्या गाडीचं दुखणं डिट्टो हेच होतं. कार्बोरेटरला आता हात लावू नका.

डिस्ट्रिब्युटरला (स्पार्क प्लगना पाळीपाळीने करंट वाटणारा भाग) चिकटलेली व्हॅक्यूमची डबी तपासा. हलक्या ॲक्सिलरेटरवर व्हॅक्यूम, म्हणजे इंजिनची हवेची ओढ, पॉइंटची (ठिणगीसाठी करंट तोडणारा स्विच) प्लेट ओढतो, ठिणगी लवकर पडते. घाटात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, तिथे व्हॅक्यूम जवळजवळ नसतोच. म्हणून डबीतला डायफ्रॅम (पातळ पडदा) फाटला तरी घाटात कळत नाही, सपाटीला कळतं. कॅप काढा, नळी कार्बोरेटरकडून सोडा, तोंडाने ओढा आणि टोकावर जीभ दाबून धरा. प्लेट सरकून तिथेच थांबली तर डबी चांगली. लगेच मागे आली किंवा हललीच नाही तर गेली समजा.

माझ्या गाडीत एका गॅरेजवाल्याने ही नळी चक्क स्क्रू कोंबून बंद केली, आणि जडपणा घालवायला नुसतं कानाने ऐकून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पुढे घेतलं. घाटात टणटण सुरू झाली. विचारलं तर म्हणे, ‘साहेब, हा ताकदीचा आवाज.’ कसली ताकद, नॉकिंग होतं ते, पेट्रोल अवेळी पेटण्याचे ठोके! शेवटी हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलं, हेड उतरवावं लागलं. तो गंजका स्क्रू दुसऱ्या मिस्त्रींनी नळीतून काढून दाखवला तेव्हा कुठे उलगडा झाला. गाडीमालकाला न सांगता असली जुगाडं करणाऱ्यांचा मला आजही संताप येतो.

डबी बदलली की आधी पॉइंटचा गॅप, १५ थाउ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे साधारण ०.३८ मिमी. गॅप हलला की टायमिंग हलतं, म्हणून टायमिंग त्यानंतर. टायमिंग लाइट लावणार असाल तर नळी काढून, तिचं तोंड बंद करून, स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) बघा. काम झालं की नळी परत जोडा. कार्बोरेटरवरचा मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा) स्क्रू सगळ्यात शेवटी, इंजिन नीट गरम झाल्यावर. मी मिस्त्री नाही, आणि तुमचा डिस्ट्रिब्युटर कुणी बदललेलाही असू शकतो, तेव्हा आकडे मॅन्युअलशी ताडून घ्या.

शिवाय हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने मिक्श्चर थोडं लीन (हवा जास्त, इंधन कमी) होतं आणि जुनं रबर खराब होतं. पेट्रोलच्या नळ्या याच कामात बदलून टाका.

डबी जुनी घेणार असाल तर दुकानातच तोंडाने ओढून बघा. व्हॅक्यूम धरत नसेल तर फुकट दिली तरी घेऊ नका.