आउट-ऑफ-स्टेटचा विचार करताना आधी रटगर्सचा आकडा मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुक्काम न्यू जर्सी, लेक अकरावीत, कम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंग करायचंय, शाळेतले मार्क उत्तम, एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) १४८०. तुम्ही दोघंही नोकरी करता, त्यामुळे उत्पन्नाच्या निकषावर मदत मिळायची नाही. पण वर्षाला ८० हजार डॉलर काढून देण्याइतकी ऐपतही नाही, कारण मागोमाग धाकटा आहे. यादीत मिशिगन, बर्कली, ऑस्टिन, पर्ड्यू. शेजाऱ्यांनी अलाबामाचं नाव काढलं तर घरात कोणालाच ते पटेना. यातलं परवडेल काय आणि मेरिट (गुणवत्तेवरची) स्कॉलरशिप मिळेल कुठे, हे तुम्हाला हवंय.

माझी दोन्ही मुलं याच वाटेने गेली आणि गेली काही वर्षं आमच्या मंडळातल्या बऱ्याच घरांबरोबर बसून मी हे हिशेब केलेत. त्यावरून सांगते: तुमची मोजपट्टी रटगर्स, म्हणजे न्यू जर्सीची स्टेट युनिव्हर्सिटी आहे. इन-स्टेट (राज्यातल्या रहिवाशांसाठीची) ट्यूशन, फी, राहणं-जेवण, पुस्तकं सगळं धरून वर्षाला ३५ ते ४० हजारांच्या आसपास जातं. रटगर्सची इंजिनिअरिंग आणि कम्प्युटर सायन्सची पदवी न्यू जर्सी-न्यूयॉर्कच्या नोकरीबाजारात चांगली चालते. त्यामुळे बाहेरच्या राज्यातल्या प्रत्येक स्टेट युनिव्हर्सिटीला एकच प्रश्न विचारायचा: रटगर्सच्या वर तू जे मागतेस, त्याच्या बदल्यात माझ्या मुलीला नेमकं काय देतेस? उत्तर नुसतं नाव असेल, तर तेवढ्यासाठी दीड लाख डॉलर जास्त मोजू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. धाकट्याची पाळी येईल तेव्हा हेच पैसे लागणार आहेत.

आता तुमची यादी. मिशिगनचा बाहेरच्यांसाठीचा वर्षाचा एकूण खर्च ८० हजारांच्या घरात आहे आणि मेरिट अगदी मोजक्यांना. बर्कलीला, म्हणजे एकूणच यूसी या कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत, बाहेरच्या विद्यार्थ्याला नेहमीच्या ट्यूशनच्या वर वेगळी जादा रक्कम भरावी लागते. २०२५-२६ मध्ये नव्याने आलेल्यांसाठी ती वर्षाला ३७,६०२ डॉलर होती. शिवाय यूसी प्रवेशासाठी एसएटी बघतच नाही, म्हणजे १४८० चा तिथे काडीचाही उपयोग नाही. तुमच्या यादीत नसलेल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपल हिल विद्यापीठातही पहिल्या वर्षात बाहेरच्यांसाठी १८ टक्क्यांची मर्यादा आहे. या ठिकाणी पूर्ण पैसे भरून यायला तयार असलेली मुलं रांगेत उभी असतात. त्यांनी तुमच्या मुलीला सवलत का द्यावी? हा तिच्या गुणवत्तेचा प्रश्न नाही, त्यांना गरजच नाही. हे आधीच मुलीच्या नीट कानावर घाला, नाहीतर मार्चमध्ये प्रवेशाचं पत्र येतं, घरात पेढे वाटले जातात आणि एप्रिलमध्ये खर्चाचा कागद बघून रडारड होते. हे मी एकाहून जास्त घरांत बघितलंय.

पर्ड्यूची गोष्ट जरा वेगळी. तिथे मेरिट फारसं मिळत नाही, पण त्यांनी २०१३ पासून ट्यूशन गोठवलीय. बाहेरच्या विद्यार्थ्यासाठी ट्यूशन-फी २८,७९४ डॉलर. इंजिनिअरिंग आणि कम्प्युटर सायन्सला त्यावर थोडी जादा फी. म्हणजे छापील किंमतच बाकीच्यांच्या मेरिटनंतरच्या किमतीइतकी आहे. तुमच्या चार नावांत यादीत ठेवण्याजोगं तेच एक. मेरिटसाठी विचार व्हायला हवा असेल तर १ नोव्हेंबरची अर्ली ॲक्शन (लवकर अर्ज करायची मुदत) चुकवू नका.

मग पैसे देतं कोण? ज्या राज्यांना हुशार मुलं बाहेरून आणायची आहेत ती. अलाबामाचंच बघा. रॉबर्ट विट २००३ ते २०१२ तिथे अध्यक्ष होते. त्या काळात त्यांनी ठरवून बाहेरच्या राज्यांतून भरती वाढवली, मेरिटला सढळ हाताने पैसा दिला. आज तिथले निम्म्याहून जास्त पदवीचे विद्यार्थी अलाबामाबाहेरचे आहेत. त्यांच्या साइटवर सरळ तक्ता असतो: इतका जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी), इतका एसएटी किंवा एसीटी (तशीच दुसरी परीक्षा), तर इतके डॉलर. निबंध नाही, मुलाखत नाही, वशिला नाही. अर्ज करायच्या आधीच घरी बसून कळतं की मुलगी कोणत्या पायरीवर आहे. तुमच्यासारख्या घराला याची किंमत फार मोठी आहे, कारण बाकी सगळी प्रक्रिया अंधारात चालते. ॲरिझोना स्टेटसारख्या ठिकाणीही मार्क टाकले की स्कॉलरशिपचा अंदाज देणारं गणकयंत्र साइटवर असतं. साउथ कॅरोलायनात बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी खास मॅकनेअर स्कॉलर्स आहे आणि तिथलं ऑनर्स कॉलेज (हुशार मुलांसाठीचा खास विभाग) नावाजलेलं आहे. मेरिलंडची बॅनेकर-की स्कॉलरशिप मोठी आहे, पण तिला स्पर्धाही तेवढीच. डेलावेअर आपल्याकडच्या मुलांना नवीन नाही.

या तक्त्यांच्या पायऱ्या दरवर्षी बदलतात, म्हणून मागच्या वर्षी कोणाच्या मुलाला काय मिळालं यावर विसंबू नका. पण एक करा: तिचा १४८० पुढच्या पायरीच्या अगदी जवळ असेल, तर उन्हाळ्यात आणखी एकदा एसएटी द्यायला लावा. वीस-तीस मार्कांनी वर्षाचे काही हजार डॉलर वाढतात, ते चार वर्षं. शिकवणीवर खर्च केलेला पैसा इतका सरळ दुसरीकडे कुठे वसूल होत नाही.

टेक्सासचा एक कायदा आपल्या लोकांना फारसा माहीत नसतो. तिथल्या स्टेट युनिव्हर्सिटीने निदान १,००० डॉलरची स्पर्धात्मक स्कॉलरशिप दिली, तर बाहेरच्या विद्यार्थ्याला इन-स्टेट ट्यूशन लावता येते. किती जणांना द्यायची यावर मर्यादा आहे आणि प्रत्येक विद्यापीठ आपापल्या अटी घालतं. ऑस्टिनकडून ही आशा धरू नका. यूटी डॅलस, म्हणजे टेक्सासचं डॅलसजवळचं स्टेट विद्यापीठ, मात्र नक्की बघा. कम्प्युटर सायन्स मोठं आहे, आणि रिचर्डसन-प्लेनो भागात आपली माणसंही भरपूर आहेत.

तुमचा कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचा भाऊ ‘पश्चिमेकडच्या राज्यांच्या करारात फी दीडपटच लागते’ म्हणतो, ते खरं आहे, पण त्याच्या मुलांसाठी. त्या करारात भाग घेणारी विद्यापीठं तिथल्या इन-स्टेट ट्यूशनच्या १५० टक्क्यांपर्यंतच आकारतात, पण विद्यार्थी त्या राज्यांतलाच हवा. दक्षिणेचे, न्यू इंग्लंडचे असेच वेगळे करार आहेत. न्यू जर्सी यातल्या कशातच नाही. तसंच ‘एक वर्ष राहिली की ती इन-स्टेट होईल’ यावर तर अजिबात भिस्त ठेवू नका. फक्त शिकायला गेलेला, आई-वडिलांच्या पैशावर अवलंबून असलेला विद्यार्थी बहुतेक राज्यांत चारही वर्षं बाहेरचाच धरला जातो.

एखादं विद्यापीठ खरंच मेरिट देतं का, हे माहितीपत्रकावरून कळत नाही. त्यासाठी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा कागद शोधा. विद्यापीठाचं नाव आणि हे शब्द टाकले की बहुधा सापडतो. त्यात एच विभागात ‘एच-टू-ए’ अशी ओळ असते. आर्थिक गरज नसलेल्या किती विद्यार्थ्यांना विद्यापीठाने स्वतःच्या पैशातून स्कॉलरशिप दिली आणि सरासरी किती, हे दोन आकडे तिथे असतात. पहिल्या वर्षाच्या रकान्यातल्या विद्यार्थ्यांच्या आकड्याला पहिल्या वर्षाच्या एकूण संख्येने भागा. शंभरात पाच-सहा निघाले, तर ते ठिकाण मेरिटसाठी धरू नका. तीस-चाळीस निघाले, तर पुढे चौकशी करा. यात राज्यातली मुलंही मोजलेली असतात हे लक्षात ठेवा. फेडरल नियमाप्रमाणे प्रत्येक विद्यापीठाच्या साइटवर खर्चाचं गणकयंत्र असावं लागतं, तेही चालवून बघा. मात्र कित्येक ठिकाणी ते मेरिट धरतच नाही.

समजा पत्र आलं. वर ठळक अक्षरांत ‘६०,००० डॉलर’. आधी खाली बघा: हे चार वर्षांचे मिळून आहेत, म्हणजे वर्षाला १५,०००. समजा तिथली ट्यूशन ३६,००० आहे आणि दरवर्षी ३ टक्के वाढते. चार वर्षांत ती ३६,०००, ३७,०८०, ३८,१९२ आणि ३९,३३८ होते. एकूण दीड लाखाच्या थोडी वर. स्कॉलरशिप मात्र १५ हजारांवरच राहते. म्हणजे पहिल्या वर्षी तुम्ही २१ हजार भरता आणि शेवटच्या वर्षी २४ हजारांच्या वर, तेही राहण्या-जेवणाचा खर्च सोडून. मग अटी वाचा. जीपीए किती टिकवायचा? ३.० बऱ्याच ठिकाणी असतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी कॅल्क्युलस आणि फिजिक्स एकत्र आलं की भल्याभल्यांचा तोल जातो, म्हणून एक सेमिस्टर घसरलं तर सावरायची मुदत मिळते का ते विचारा. को-ऑपसाठी (अभ्यासाचा भाग म्हणून कंपनीत काम) एक सेमिस्टर बाहेर राहिली तर पैसे थांबून पुढे मिळतात की बुडतात? एपी क्रेडिटमुळे (शाळेतच केलेले कॉलेजच्या पातळीचे विषय) साडेतीन वर्षांत पदवी झाली, तर उरलेली रक्कम मास्टर्सला वापरता येते का? काही ठिकाणी येते. मेजर, म्हणजे मुख्य विषय, बदलला तर? ही उत्तरं ई-मेलवर घ्या, फोनवरचं बोलणं पुढे कोणाला आठवत नाही.

मेजरवरून आणखी एक, आणि तुमच्या बाबतीत हे पैशाइतकंच महत्त्वाचं आहे. विद्यापीठात प्रवेश म्हणजे कम्प्युटर सायन्समध्ये प्रवेश नव्हे. पर्ड्यूत इंजिनिअरिंगची मुलं आधी सामायिक पहिलं वर्ष करतात, मग शाखा मिळते. टेक्सास ए अँड एममध्येही पहिल्या वर्षाच्या मार्कांवर शाखा ठरते. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात सुरुवातीलाच कम्प्युटर सायन्स मिळालं नाही, तर नंतर आत शिरणं महाकठीण. भरघोस मेरिट देऊनही हवा तो मेजर न देणारं पत्र तुमच्या लेकीच्या उपयोगाचं नाही.

नॅशनल मेरिट, म्हणजे पीसॅट परीक्षेच्या गुणांवरून ठरणारी देशपातळीवरची स्पर्धा: ऑक्टोबरातली पीसॅट तिने दिलीच असेल. न्यू जर्सीचा कटऑफ देशात सर्वांत वरच्यांपैकी असतो, त्यामुळे हुशार मुलंही थोडक्यात राहतात, वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. पण सप्टेंबरच्या यादीत नाव आलं, तर अलाबामा आणि यूटी डॅलस यांची फायनलिस्टसाठीची पॅकेजेस अवश्य बघा. त्यासाठी तेच विद्यापीठ पहिली पसंती म्हणून मुदतीत कळवावं लागतं.

तुमचं ग्रीन कार्ड झालंय की नाही, ते तुम्ही लिहिलं नाही. एच-४ वर (नोकरदाराच्या कुटुंबीयांचा व्हिसा) असेल तर फाफ्सा या अर्जातून मिळणारी केंद्र सरकारची मदत मिळत नाही, मेरिट मात्र अनेक ठिकाणी मिळू शकतं. फक्त ते तिला कोणत्या तक्त्यात धरतात हे लेखी विचारा. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचा तक्ता कधी कधी वेगळा असतो. २१ व्या वर्षी एच-४ संपतो, तोपर्यंत ग्रीन कार्ड आलं नाही तर बहुतेक मुलांना एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागतो. तेव्हाही स्कॉलरशिप तशीच राहील का, हाही प्रश्न आत्ताच.

कराबद्दल थोडंसं: ट्यूशन, सक्तीची फी आणि पुस्तकं यांपलीकडची स्कॉलरशिप, म्हणजे राहण्या-जेवणावर खर्च झालेली, करपात्र उत्पन्न धरतात. आणि ५२९ मध्ये (शिक्षणासाठीचं बचत खातं) पैसे साठवले असतील आणि स्कॉलरशिप मिळाली, तर तेवढी रक्कम काढताना १० टक्के दंड लागत नाही. नफ्यावर कर मात्र लागतो.

कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज, १ ऑगस्टला उघडतं. त्याच्या आत तुम्ही दोघांनी बसून वर्षाला किती देऊ शकता तो आकडा ठरवा आणि मुलीला सांगा. ‘बघू, मिळाला प्रवेश तर करू काहीतरी’ असं म्हणू नका. सतरा वर्षांच्या मुलीला आकडा पेलतो. मग यादी अशी करा: रटगर्स, पर्ड्यू, मेरिटचे तक्ते जाहीर असलेली दोन-तीन, मेरिलंड किंवा साउथ कॅरोलायनासारखी स्पर्धेची दोन, आणि मिशिगन तिला फारच हवं असेल तर तेवढं एक. स्कॉलरशिपच्या मुदती बऱ्याचदा प्रवेशाच्या मुदतीच्या आधी संपतात, त्या वेगळ्या लिहून ठेवा. अलाबामाबद्दल मनात किंतु असेल तर सेमिस्टर चालू असताना टस्कलूसाला, म्हणजे ते विद्यापीठ आहे त्या गावी, जाऊन या, ऑनर्स कॉलेजच्या एखाद्या वर्गात तिला बसू द्या, इंजिनिअरिंगच्या मुलांना इंटर्नशिप कुठे मिळाली ते तिथेच विचारा. १ मे पर्यंत निर्णय कळवायचा असतो. तुमच्या हातात पत्रं आली की आकडे इथे टाका, मी तुमच्याबरोबर ओळीने बघेन.