चोराच्या उलट्या बोंबा

प्रश्न : माझं वय ५४, राहायला धनकवडीला. सात वर्षांपासून मधुमेह आहे. दात घासताना रोज रक्त येतं. हळद-मीठ चोळते, पूर्वी मिशरीही लावायचे. प्रतिकारशक्तीसाठी काढा घेते, तरी फरक नाही. माझी प्रतिकारशक्तीच कमी पडते का? सून म्हणते, दात साफ करून घ्या. पण त्याने दात हलायला लागतात असं ऐकलंय.

उत्तर : ताई, प्रतिकारशक्ती कमी पडत नाहीये, ती फसवली जातेय. तुळशीबागेत ऐन गर्दीत पाकीटमारच ‘चोर, चोर’ ओरडला तर काय होईल? लोक धावतील, चेंगराचेंगरीत टोपल्या उलटतील, आणि हा पठ्ठ्या सांडलेला माल उचलत बसेल. हिरड्यांतला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा जंतू नेमकं हेच करतो. त्याच्याजवळ प्रथिनं कापणारी कात्री असते, जिंजिपेन. रक्तातलं सी-५ हे प्रथिन तो तिनं कापतो, की धोक्याची घंटा वाजते. पांढऱ्या पेशी धावून येतात, पण त्याच घंटेच्या आडून तो त्यांची जंतू गिळायची ताकद बोथट करतो. सूज तशीच राहते. सुजेत फुटलेल्या पेशी, रक्तातलं लोह, हे त्याचं जेवण. दाताभोवतीचं हाड झिजतं तेही बरंचसं आपल्याच शरीराच्या या गोंधळामुळे.

गंमत म्हणजे हा संख्येनं मूठभर असतो. २०११ साली उंदरांवर प्रयोग झाला. बाकी जंतू नसलेल्या उंदरांत हा एकटा सोडला, तर हाड झिजलं नाही. नेहमीचे जंतू सोबत असताना मात्र झिजलं. म्हणजे घर फोडून देणारा हा, लुटणारे बाकीचे. माणसाच्या तोंडातलं सगळं गणित इतकं सरळ नसतं, पण दिशा तीच.

म्हणून काढा पिऊन गर्दी वाढवण्यात अर्थ नाही. (तो घेताय हे मधुमेहाच्या डॉक्टरांना सांगितलंय ना?) त्याचा अड्डा, म्हणजे हिरडीखालचं किटण, उपकरणानंच निघतं. हळद-मीठ तिथवर पोचत नाही. मिशरी सोडलीत हे उत्तम. भाजली तरी ती तंबाखूच.

दात हलण्याबद्दल शनिवार पेठेतल्या माझ्या दवाखान्यात रोज एक तरी जण विचारतो. हाड आधीच गेलेलं असतं, किटणाच्या लिंपणानं दात धरून ठेवलेले असतात. लिंपण काढलं की हलणं कळतं, आणि खापर आमच्यावर! निरोगी हिरडी आणि दात यांच्यातली खाच ३ मिलिमीटरपर्यंत खोल असते. तुमची किती आहे ते मोजून घ्या.

साखरेचंही ऐका. साखर जास्त असली की हिरड्या बिघडतात, हिरड्या सुजलेल्या असल्या की साखर आवरत नाही. नीट खोलवर सफाई झाली, तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली साखर सांगणारी रक्ततपासणी) सरासरी ०.४ अंकांच्या आसपास कमी होतं. गोळ्या मात्र आपण होऊन कमी करू नका.

दातांच्या डॉक्टरांकडे जाताना साखरेचा ताजा रिपोर्ट न्या, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, आणि उपाशी पोटी जाऊ नका.