२०११ च्या त्सुनामीनंतर जपानच्या किनाऱ्यावरची गावं पूर्ववत व्हायला इतकी वर्षं का लागली?

पैसा कमी पडला म्हणून नव्हे. घरं बांधण्याआधी जमीनच नव्याने घडवावी लागली. रिकुझेनताकाता शहरात डोंगर फोडून ती माती कन्व्हेयर बेल्टवरून खाली आणली आणि शहराचा मध्यभाग सुमारे १० मीटर उंच केला. समुद्राकडे १२.५ मीटरची भिंत बांधली. यात वर्षं गेली. तोवर तरुण कुटुंबं दुसरीकडे स्थिरावली, म्हाताऱ्यांना तात्पुरत्या घरांत दिवस काढावे लागले. भराव तयार झाला, पण त्यातले कितीतरी प्लॉट रिकामेच राहिले. मला हे फार जिव्हारी लागतं.

मिनामिसानरिकू या गावातल्या तोकुरा भागात मात्र वेगळं घडलं. तिथले कालवं (ऑयस्टर) वाढवायचे तराफे लाटेत वाहून गेले. आधी तराफ्यांची इतकी दाटी होती की कालवं पोसायला दोन-तीन वर्षं लागत. मच्छीमारांनी पुष्कळ वाद घालून तराफे एक-तृतीयांशावर आणले. आता कालवं साधारण वर्षभरात तयार होतात, कामाचे तास घटले, तरुण पुन्हा या धंद्यात आले. २०१६ मध्ये त्यांना जबाबदार मत्स्यशेतीचं आंतरराष्ट्रीय एएससी प्रमाणपत्र मिळालं, जपानमधलं पहिलं. आपल्या कोकणातही कालवं खातात, म्हणून हे मुद्दाम सविस्तर लिहिलं.