‘कौल’ कशाला म्हणायचं आणि ‘बहुमत’ कशाला?

प्रश्न असा आला आहे: २०२४च्या लोकसभेच्या एकाच निकालाला कुणी ‘स्पष्ट कौल’ म्हटलं, कुणी ‘संमिश्र कौल’, तर कुणी ‘जनादेश’. कौल आणि जनादेश एकच का? आणि ‘अमुक उमेदवार प्रचंड बहुमताने निवडून आला’ हे लिहिणं बरोबर आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, म्हणून आधी ते. मतदारसंघात उमेदवाराला मिळतं ते मताधिक्य, आणि सभागृहात पक्षाला किंवा आघाडीला मिळतं ते बहुमत. मुंबई उत्तर-पश्चिममध्ये रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले, हे ४८ म्हणजे त्यांचं मताधिक्य. इंदूरला शंकर लालवानी यांचं मताधिक्य पावणेबारा लाखांचं होतं. लोकसभेत दोघांच्या मताची किंमत सारखीच. आपल्याकडे उमेदवाराला निम्मी मतं मिळावीच लागतात असं नाही, दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारापेक्षा एक मत जास्त पडलं तरी पुरतं. बहुमताला मात्र निम्म्याची अट आहे: ५४३ पैकी किमान २७२.

मग प्रचाराच्या रिक्षावरून ‘प्रचंड बहुमतांनी विजयी करा’ असं वर्षानुवर्षं ऐकू येतं, ते चूक का? तिथलं अनेकवचन नीट ऐका. ‘बहुमतांनी’ म्हणजे पुष्कळ मतांनी. ‘मत’ म्हणजे तिथे पेटीत पडलेलं मत. घोषणेत ते शोभतं, त्याला मी हात लावणार नाही. बातमीत मात्र ‘वायकर बहुमताने विजयी’ असं कुणी लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की मतदारसंघातले निम्म्याहून जास्त लोक त्यांच्या बाजूने होते, आणि तसं तो आकडा सांगत नाही.

आता कौल. मूळ शब्द अरबी, अर्थ बोल किंवा वचन. मराठेशाहीत ओसाड जमीन लागवडीला आणणाऱ्या रयतेला सरकार कौल देत असे; इतकी वर्षं इतकाच सारा घेऊ, जाच करणार नाही, असं ते लेखी आश्वासन, म्हणजेच कौलनामा. कोकणात आणि गोव्यात आजही देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीवर फुलाच्या पाकळ्या किंवा कळे चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघत उभे राहतात. उजवीकडचा कळा पडला की होकार, डावीकडचा पडला की नकार. राजा रयतेला कौल देई, देव भक्ताला देतो. निवडणुकीत तो देण्याचा मान मतदाराकडे आला, म्हणून मला हा शब्द फार मोलाचा वाटतो.

पण देवळात कौल लावण्याआधी प्रश्न ठरलेला असतो. ‘यंदा लग्न करू का?’ विचारलं, तर उत्तर लग्नाचंच मिळतं. लोकसभेच्या निवडणुकीत तसा एक प्रश्न कुणी विचारलेला नसतो. प्रत्येक मतदारसंघात उमेदवार वेगळे, कुठे कांद्याचा भाव, कुठे आरक्षण, कुठे पंतप्रधान कोण हवा. त्या सगळ्याची बेरीज करून आपण ‘देशाने कौल दिला’ म्हणतो. आकडे म्हणजे निकाल. कौल हा त्या निकालाचा आपण लावलेला अर्थ. एकाच निकालाला वेगवेगळी विशेषणं लागतात ती यामुळे.

२०२४चंच बघा. भाजपच्या जागा ३०३ वरून २४० वर आल्या, पण मतांचा टक्का सुमारे ३७.४ वरून ३६.६ वर, म्हणजे एका टक्क्यानेही घटला नाही. महाराष्ट्रात ४८ पैकी महाविकास आघाडीला ३०, महायुतीला १७ आणि एक जागा अपक्षाला. मतं मात्र दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी, ४३ ते ४४ टक्क्यांच्या घरात. इथे ‘जागांचा कौल’ आणि ‘मतांचा कौल’ असं वेगळं करून लिहिल्याशिवाय वाचकाला खरं चित्र कळत नाही. १९९९मध्ये तर काँग्रेसला सुमारे २८ टक्के मतं आणि ११४ जागा होत्या, भाजपला २४ टक्क्यांच्या आत मतं आणि १८२ जागा. भाजपने मित्रपक्षांना पुष्कळ जागा सोडल्या होत्या, हे त्यामागचं मोठं कारण. १९८४च्या ज्या यशाला ‘राक्षसी बहुमत’ म्हणतात, त्यातही काँग्रेसची मतं ४९ टक्क्यांच्या आसपासच होती. लोकसभेत आजवर एकाही पक्षाने मतांची पन्नाशी गाठलेली नाही.

(‘मतांचा टक्का’ आणि ‘मतदानाचा टक्का’ यांचीही गल्लत होते. पहिला पक्षाचा, दुसरा मतदान किती झालं त्याचा.)

जनादेश आणि कौल एकच नव्हेत. ‘आदेश’ आला की काय करायचं तेही सांगितलं गेलं, असा दावा आला. जिंकलेला पक्ष हा शब्द उचलतो, कारण मग जाहीरनाम्यातली प्रत्येक ओळ लोकांची आज्ञा ठरवता येते. म्हणून पक्षाच्या तोंडी तो अवतरणात द्यावा, बातमीदाराने स्वतःच्या वाक्यात वापरू नये, असं माझं ठाम मत आहे.

‘कौल’ शब्द नेमका बसतो असं मतदान हवं असेल तर गोव्यातलं १६ जानेवारी १९६७चं घ्या. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, एवढाच प्रश्न. विलीनीकरणाची निशाणी फूल, विरोधाची दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं, दोन पानांना १,७२,१९१. त्या मतदानाला मराठीत ‘जनमत कौल’ म्हणतात.

राहिला ‘संमिश्र कौल’. २०२४ला तो चालेल. ‘त्रिशंकू’ मात्र चालणार नाही, कारण एकट्या भाजपला बहुमत नसलं तरी निवडणुकीआधी झालेल्या आघाडीला २७२च्या वर जागा होत्या. ‘त्रिशंकू’ १९९६साठी ठेवावा: भाजप १६१, काँग्रेस १४०, आणि वाजपेयींचं सरकार १३ दिवसांचं.